ओढा दोनदा ओलांडणारी रेघ

दगड निवडायला डॉक्टर अत्नाफूंनी तासभर लावला. कोरड्या नदीपात्रात ते वाकून एकेक दगड उचलत, हातात तोलून बघत, मानेपर्यंत नेत आणि नाखुशीने परत खाली ठेवत. मी जीपला टेकून मनातल्या मनात चरफडत होतो. इतिहासाचे प्राध्यापक, वय अठ्ठावन्न, कंबरदुखीमुळे पट्टा बांधून वर्गात उभा राहणारा माणूस, आणि भर उन्हात नदीत दगड वेचतोय.

शेवटी त्यांनी एक पसंत केला. काळा, चपटा, आमच्याकडच्या मसाल्याच्या पाट्याएवढा.

“बघ जरा उचलून.”

मी उचलला आणि लगेच ठेवला. “डॉक्टर, हा वीस किलोच्या खाली नाही. याहून लहान चालत नाही का?”

“चालतो. रीतीत वजन सांगितलेलं नाही.”

“मग?”

“मग काय? मी केवढा आणलाय ते ती बाई बघेलच की.”

तिकडची रीत अशी होती. आपल्या हातून कुणाचं भरून न येणारं नुकसान झालं, तर मानेवर दगड घ्यायचा, कमरेत वाकायचं आणि त्या माणसाच्या दारात जाऊन तसंच उभं राहायचं. समोरचा बोलत नाही तोवर तोंड उघडायचं नाही. त्याने माफ केलं तर तो स्वतःच्या हाताने दगड उतरवतो. नाही केलं तर दगड घेऊन आल्या वाटेने परत जायचं. डॉक्टर निघाले होते ते खालच्या गावातल्या मोमिनाच्या दारात. तिचा मुलगा एंद्रिस आठ महिन्यांपूर्वी मारला गेला होता. डॉक्टरांनी त्याला हातही लावला नव्हता. तो मेला तेव्हा ते दोनशे किलोमीटरवर परीक्षेचे पेपर तपासत होते.

मी तेव्हा इथिओपियाच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात भूगोल शिकवत होतो. वाईजवळच्या खेड्यातून निघून मी तिथे कसा पोचलो, ती वेगळी रामकहाणी. चार वर्षांत कामापुरती अम्हारिक बोलायला शिकलो होतो, आणि तिथल्या मिरचीला घाबरेनासा झालो होतो. अत्नाफू पहिल्या आठवड्यातच माझ्या खोलीवर आले होते. माझं नाव अच्युत दत्ताजी निकम आहे हे कळल्यावर त्यांनी निकम सरळ कापून टाकलं. “स्वतःचं नाव, मग बापाचं. बास. तुम्ही लोक अगदी आमच्यासारखे आहात, उगाच शेवटी एक शेपूट लावता,” असं म्हणून ते खो खो हसले होते. मला त्या परक्या मुलखात थोरला भाऊ मिळाला तो तेव्हापासून.

भानगड सुरू झाली ती एका झऱ्यावरून. डोंगरावर ख्रिस्ती लोकांचं गाव, पायथ्याशी मुसलमानांचं. भाषा एक, जेवण जवळपास एक, पूर्वी सोयरिकीही होत. मधल्या उतारावर कुरण आणि कुरणाच्या टोकाला बारमाही झरा. सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला आणि कुरण कुणाचं हा प्रश्न निघाला. डॉक्टर मूळचे वरच्या गावचे, पण तीन-चार वर्षांचे असतानाच राजधानीत वाढायला गेलेले. कागदपत्रांच्या दप्तरखान्यात त्यांना एक जुना नकाशा सापडला, कुणा परदेशी पाहणी पथकाने केलेला. त्यात वरच्या गावच्या देवळापासून, म्हणजे चर्चपासून, झऱ्यापर्यंत एक ठिपक्यांची रेघ होती. खुणांचा खुलासा असलेला कोपरा वाळवीने खाल्लेला. ती देवळाच्या जमिनीची हद्द, असा डॉक्टरांनी निष्कर्ष काढला. एका साप्ताहिकात लेख लिहिला, रेडिओवर मुलाखत दिली. लेखासोबतचा नकाशा मी काढून दिला. वर्तमानपत्राच्या कागदावर ठिपके नीट उमटत नाहीत, म्हणून मी रेघ सलग केली. छापून आला तेव्हा आम्ही दोघांनी कॉफी पिऊन तो साजरासुद्धा केला.

पंधरा दिवसांत वरच्या गावची पोरं त्या रेघेवर काटेरी कुंपण घालायला गेली. एंद्रिस तिथे गुरं चारत होता. बावीस वर्षांचा. तो कुंपणाला आडवा आला.

पोलीस, कोर्ट, सगळं झालं. डॉक्टरांना कुणी साधं चौकशीलाही बोलावलं नाही. उलट सरकारने दोन्ही गावांची समेट समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद त्यांनाच देऊ केलं. ते निभावलं असतं तर पुढे प्रांताच्या मंत्रिमंडळात जागा पक्की, असं विद्यापीठात शिपायापासून सगळे बोलत होते. आणि या गृहस्थांनी निरोप पाठवला की, आधी मोमिनाच्या दारात जाऊन येतो, मग बघू.

जीपमध्ये दगड मागच्या सीटवर होता. मी गाडी चालवत होतो.

“तुमच्या गावचे लोक काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतात, आमच्यातला एवढा शिकलेला माणूस त्यांच्या बाईपुढे वाकणार, तर परत आमच्यात येऊ नकोस.”

“आणि तिने दगड उतरवलाच नाही तर?”

“तर समिती मोडली. पाच म्हातारे इकडचे, पाच तिकडचे, आज तिच्या अंगणात जमणार आहेत. ती नाही म्हणाली तर तिच्या बाजूचे पाच उठून जातील. महिन्याभरात वरची तळी आटतात. गुरं झऱ्यावर उतरतील. या वेळी पोरांच्या हातात काठ्या नसणार, अच्युत. बंदुका आल्यात.”

“अहो, पण तुम्ही मारलं नाही. मारायला सांगितलंही नाही.”

“कोर्टाने विचारलं असतं, तू मारलंस का? मी नाही म्हटलं असतं. आमच्या पाद्र्याने विचारलं, तुझ्या मनात होतं का? मी नाही म्हटलं, त्याने माझ्या कपाळाला क्रूस लावला. पण पहाटे प्रार्थनेला उभा राहिलो की देव तिसरंच विचारतो. म्हणतो, तुझा लेख नसता तर तो पोरगा आज कुठे असता?”

“लेख खोटा नव्हता.”

“नव्हता. हद्द होती तिथेच होती. पण ते रेडिओवर सांगायची ती वेळ नव्हती. गवत वाळलेलं असताना मी काडी ओढून दाखवली.”

गेले आठ महिने मी स्वतःची समजूत घालत होतो की आपण निव्वळ रेघ काढणारे. पाहुण्याने घरच्या भांडणात पडू नये. ही समजूत तशी सोयीची होती.

खालच्या गावाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. पांढरी शाल कमरेला गुंडाळली, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, “ठेव.”

मी दगड त्यांच्या मानेवर ठेवला. दोन्ही हातांनी तो मागून धरून ते उठले, अर्धेच. तिथून मोमिनाचं घर तीन-चारशे पावलं असेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मी मागून चालत होतो आणि मला फक्त त्यांच्या टाचा दिसत होत्या.

अंगणात दहा म्हातारे दोन रांगांत बसले होते. वरच्या गावच्या रांगेत देवळाचे पुजारी अब्बा वर्कनेह, ऐंशीच्या घरातले, डोळ्यांत मोतीबिंदू. मोमिना दाराशी बुटक्या स्टुलावर बसून कॉफीचे हिरवे दाणे निवडत होती. साठीची, काटक, डोक्यावर काळं फडकं. तिने मान वर केली, दगड पाहिला आणि पुन्हा दाण्यांत बोटं घातली.

डॉक्टर तिच्यापासून चार पावलांवर वाकून उभे राहिले.

तिकडे कॉफी म्हणजे आपल्यासारखं उकळलं आणि गाळलं असं नसतं. दाणे निवडायचे, धुवायचे, तव्यावर भाजायचे, धूर सगळ्यांच्या नाकापर्यंत न्यायचा, कुटायचे, मग मातीच्या सुरईत उकळायचे. तीन वेळा पेले फिरतात. मोमिनाने त्यातलं काही गाळलं नाही. जरासुद्धा घाई केली नाही. पहिला पेला सगळ्या म्हाताऱ्यांना दिला, मलाही दिला. डॉक्टरांना दिला नाही. त्यांच्या नाकावरून घामाचे थेंब मातीत पडत होते आणि मातीत एक काळा डाग झाला होता.

दुसऱ्या पेल्यापर्यंत पाऊण तास झाला. डॉक्टरांचे गुडघे थरथरायला लागले. मी अर्धवट उठलो, तसा शेजारच्या म्हाताऱ्याने मला शर्टाला धरून खाली बसवलं.

तेव्हा मोमिना बोलली. डॉक्टरांशी नव्हे, सगळ्यांशी.

“लोक म्हणतात, माझ्या पोराला कागदाने मारलं. तो कागद मला कुणी दाखवला नाही. कुणाकडे आहे?”

माझ्याकडे होता. बॅगेत लेखाचं कात्रण होतं आणि मूळ नकाशाची प्रतही होती. मी कात्रण तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने काळ्या रेघेवर बोट ठेवलं.

“हे काय?”

“हद्द, एमामा,” मी म्हणालो. तिकडे म्हाताऱ्या बाईला मानाने असंच म्हणतात.

“असल्या हद्दीबद्दल मी कधी ऐकलं नाही.”

डॉक्टरांनी मनचं काही लिहिलं नाही हे तिला पटावं, म्हणून मी मूळ नकाशाची प्रत जमिनीवर पसरली. हे तुझं गाव, हे वरचं देऊळ, हा झरा, असं बोटाने दाखवत गेलो. ती उकिडवी बसली. देवळापासून निघणारे ठिपके तिने नखाने एकेक करत मोजल्यासारखे चाचपले. मधेच तिचं बोट थांबलं. मग भरभर पुढे गेलं.

“ही पावलं आहेत का?” तिने मला विचारलं.

“नाही, एमामा, ती...” मी म्हणायला लागलो.

“हे बघ. देवळातून निघायचं. इथे वळसा आहे ना? इथे वार्काचं मोठं झाड, त्याच्या सावलीत ढोल टेकवायचे. इथे ओढा ओलांडायचा. मग परत इथे, पुढे. कारण मधल्या काठाला शेवाळ असतं, पुजाऱ्याचा पाय घसरला तर डोक्यावरचा देव पडेल. मग सरळ झऱ्यावर.” तिने वर पाहिलं. “ही तिमकतची वाट आहे.”

तिमकत म्हणजे त्यांचा जानेवारीतला सण. देवळातली पवित्र लाकडी पाटी, म्हणजे त्यांचा देवच, जरीच्या कापडात गुंडाळून पुजारी डोक्यावर घेतो आणि वाजतगाजत पाण्यावर नेतो, आपल्याकडे जत्रेत पालखी नदीवर नेतात तशी.

“चाळीस वर्षांपूर्वी वर देवळापाशी सिमेंटचं टाकं बांधलं, तेव्हापासून तुमचा देव खाली येईनासा झाला,” मोमिना म्हणाली. “त्याआधी दरवर्षी यायचा. आमच्या गावच्या बायका घागरी घेऊन पुढे चालायच्या. धूळ उडू नये म्हणून वाट शिंपायला. तुमचे लोक मागून गात यायचे. लग्न झालं त्या वर्षी मी शिंपलीय ही वाट. माझ्या सासूने शिंपलीय.”

खालच्या गावच्या रांगेतल्या एकाने अब्बा वर्कनेहांकडे बघून विचारलं, “तुम्ही तेव्हा तरुण पुजारी होतात. हे खरं?”

म्हाताऱ्याने आंधळे डोळे मिटून घेतले. “खरं आहे. त्या वाटेने मी स्वतः डोक्यावर घेऊन आलोय.”

“मग लेख आला तेव्हा बोलला का नाहीत?”

“मला वाचून दाखवला होता,” अब्बा म्हणाले. “आपल्या फायद्याचा होता. मी गप्प बसलो.”

तेवढ्यात डॉक्टरांच्या छातीतून एक आवाज आला. तो रडण्याचा नव्हता, कण्हण्याचाही नव्हता. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. ते गुडघ्यांवर आले, पण दगड सोडला नाही. मोमिना त्यांच्याकडे वळली. पहिल्यांदाच.

“आता बोला,” ती म्हणाली.

“एमामा,” डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले, “मी अवेळी बोललो, एवढ्याची माफी मागायला आलो होतो. नकाशा खरा आहे आणि फक्त माझं तोंड चुकलं, असं मला आत्ताआत्तापर्यंत वाटत होतं. ज्या वाटेवर तुम्ही आमच्या देवासाठी पाणी शिंपलंत तिची मी भिंत केली. लहान चूक घेऊन आलो होतो, मोठी इथे येऊन कळली. दगड उतरवू नका. मला एवढ्या लवकर मोकळं करू नका.”

ज्या माणसाला माफी हवी होती, ज्या माफीवर दोन गावांचे जीव टांगलेले होते, तोच म्हणत होता, देऊ नका. आणि त्यात नाटकाचा लवलेश नव्हता. मी मोठमोठी देवळं पाहिली आहेत. पण इतकं लहान मला कुठेही वाटलं नव्हतं. आणि इतकं खोटंही. आठ महिने मी पोटात दाबून ठेवलेली गोष्ट तेव्हा घशाशी आली.

“ठिपके मी जोडले,” मी म्हणालो.

माझी अम्हारिक तुटकी. नीट कळावं म्हणून मी पुन्हा म्हणालो. “डॉक्टरांनी हद्द म्हटलं. पण भूगोल मी शिकवतो. हद्द ओढ्याच्या कडेने जाते, नाहीतर डोंगराच्या धारेवरून. ओढा दोनदा ओलांडून जाते ती वाट असते. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. काढताना मला दिसलं होतं. मी विचारलं नाही. डॉक्टर मोठे होते, माझे मित्र होते, आणि छापून यायची घाई होती.”

डॉक्टरांनी दगडाखालून माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण मान वळेना.

मोमिनाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू कुठला?”

“हिंदुस्तानातला.”

“आई आहे?”

“आहे.”

“तिला सांगशील हे?”

आमच्या आईला मी तिथे साहेब आहे एवढंच माहीत होतं.

“सांगेन,” मी म्हणालो.

ती उठली. डॉक्टरांच्या पुढ्यात गेली आणि दगडाला दोन्ही हात घातले. दगड जेमतेम हलला. तिने मान वळवून मला हाक मारली. “तिकडून धर.”

“मी कसा, एमामा? रीत तर...”

“रीत मला माहीत आहे. मला एकटीला उचलत नाही. धर.”

मी धरला. आम्ही दोघांनी मिळून तो उतरवून जमिनीवर ठेवला. डॉक्टरांच्या मानेवर साल निघून रक्त आलं होतं. मोमिनाने डोक्याचं काळं फडकं सोडलं आणि त्यावर दाबून धरलं. मग सुरईतली उरलेली कॉफी पेल्यात ओतून तिने पेला त्यांच्या ओठांना लावला. तो तिसरा पेला. तिकडे त्याला आशीर्वाद म्हणतात.

दोन्ही रांगांतले म्हातारे रडत होते. मीही.

डॉक्टर पुढे अध्यक्ष झाले नाहीत, मंत्रीही नाहीत. वरच्या गावाने त्यांना वर्षभर घरात घेतलं नाही. त्यांनी रेडिओवर जाऊन आपला लेख चूक होता असं नावानिशी सांगितलं, तेव्हा विद्यापीठातले निम्मे लोक त्यांच्याशी बोलायचे थांबले. समिती मात्र टिकली. मी तिथे आणखी सहा वर्षं होतो, तोवर झऱ्यावर कुणाला साधा ओरखडा उठला नाही. या सगळ्याला आता वीस वर्षं होऊन गेली आहेत, आणि हे सांगताना मला अजून त्या दिवसाचाच शेवट आठवतो.

डॉक्टरांना उभं राहता येईना. मोमिनाने त्यांच्या कमरेला हात दिला. “सरळ हो,” ती म्हणाली. “लांब चालायचंय.”

“कुठे?”

“वाट दाखवते. तुम्ही कागदावर पाहिलीत फक्त.”

ती निघाली. मागे डॉक्टर, माझ्या खांद्यावर हात टाकून. मागे दहा म्हातारे, अब्बा वर्कनेहांना खालच्या गावच्या एका हाजीने दंडाला धरलेलं. नकाशावर ती रेघ अकरा सेंटिमीटर होती. प्रत्यक्षात साडेपाच किलोमीटरची वाट, तीही चढाची. झऱ्यावरून वर, पहिल्यांदा ओढा, मग शेवाळ टाळून दुसऱ्यांदा. मोमिना एकदाही चाचपडली नाही. चाळीस वर्षांनी तिचे पाय आपोआप पडत होते.

दुसऱ्यांदा ओढा ओलांडल्यावर थोडं वर ती थांबली. तिथे काही नव्हतं. गवत, तुटलेल्या काटेरी तारेचा तुकडा, दोन-चार खडे.

“माझा एंद्रिस इथे,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला, खाली बसले आणि पायातले बूट सोडले, देवळाच्या दारात सोडतात तसे. मग अब्बांनी काढले. मग हाजींनी. मग एकेक करत सगळ्यांनी.

मोमिना आमच्यासाठी थांबली. सगळ्यांचे पाय अनवाणी झाल्यावर तिने एकदा मागे पाहिलं, आणि पुन्हा चालायला लागली.